ती फट बुजवू नका

सोनीचा प्लेस्टेशन ५ हा गेमचा डबा विकताना सेकंदाला साडेपाच जीबी वाचणाऱ्या एसएसडीचं कौतुक होतं, फोरके चित्राचं होतं, कंट्रोलरचं होतं. ते सगळं खरं आहे. 'ॲस्ट्रोज प्लेरूम' लावून बघा. तो छोटा रोबो वाळूवरून चालतो तेव्हा तळहाताला लागणारी थरथर वेगळी आणि बर्फावर घसरतो तेव्हाची वेगळी. 'होरायझन फॉरबिडन वेस्ट'मध्ये धनुष्य ताणलं की बोटाखालचा ट्रिगर जड होतो. ज्यांनी हे घडवलं त्यांना माझा मनापासून सलाम.

पण या डब्यातली सगळ्यात कामाची सोय म्हणजे डिस्क आत सरकवायची फट. आणि नेमकी तीच बुजवायला कंपन्या निघाल्या आहेत.

आधी पैशांचं बोलू. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ भारतात आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० रुपयांना होता, बिनडिस्कचा ३९,९९० ला. दहा हजार वाचले म्हणून आईबाप बिनडिस्कचा उचलायचे. त्यांनी पुढचा हिशेबही करायला हवा होता. मोठा नवा गेम तेव्हा ४,९९९ ला पडायचा. खेळून झाल्यावर डिस्क अडीच हजारांना गेली तरी चार गेममध्ये ते दहा हजार वसूल होतात आणि पाचव्यापासून फायदा सुरू. डाउनलोड केलेला गेम मात्र ना विकता येतो, ना बदलून घेता येतो. शिवाय बिनडिस्कच्या डब्याला दुकान एकच, कंपनीचं. सेल कधी लावायचा आणि किती सूट द्यायची, हे तीच ठरवणार.

आमच्या सोसायटीत फुटबॉलच्या गेमची एक डिस्क तीन घरांत फिरते. डबीच्या आतल्या बाजूला मार्करने मालकाचा फ्लॅट नंबर लिहिलेला आहे. परीक्षा संपली की कुणाकडे आधी, यावर भांडणं होतात, मग तडजोडी होतात. चार-पाच हजारांचा गेम दर घरात वेगळा घेणं बहुतेकांच्या ऐपतीबाहेरचं आहे. डिस्क फिरते म्हणून ती मुलं खेळतात.

आणि हे शहरातलं झालं. १०० जीबीचा गेम ४० एमबीपीएसच्या लाइनवर, पूर्ण वेग मिळाला तरी, साडेपाच तास उतरतो. जिथे घरात ब्रॉडबँड नाही आणि रोजच्या २ जीबी मोबाइल डेटावर भागवायचं आहे, तिथे तोच गेम उतरवायला ५० दिवस लागतील. तालुक्याच्या गावातल्या मुलाला डिस्कचा केवढा आधार आहे, हे पुण्या-मुंबईच्या फायबरवर बसून कळणार नाही.

सोनीला हे सगळं पक्कं ठाऊक आहे. २०१३ साली मायक्रोसॉफ्टने आपला 'एक्सबॉक्स वन' हा गेमचा डबा जाहीर केला आणि दोन अटी घातल्या. २४ तासांत एकदा तरी इंटरनेटला जोडा, नाहीतर गेम बंद. जुने गेम विकण्या-देण्यावर निर्बंध. जगभरचे खेळणारे खवळले. तेव्हा सोनीने एक छोटासा व्हिडिओ काढला होता. प्लेस्टेशन ४ वर गेम दुसऱ्याला कसा द्यायचा, हे त्यात दाखवलं होतं. एक माणूस गेमची डबी शेजारच्याच्या हातात देतो, तो थँक्स म्हणतो. संपला व्हिडिओ. मायक्रोसॉफ्टने जूनमध्येच माघार घेतली आणि सोनीने त्या डबीच्या जोरावर लोकांची मनं जिंकली.

त्याच सोनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत जवळपास ७०० डॉलरचा 'प्लेस्टेशन ५ प्रो' आणला, तो डिस्क ड्राइव्हशिवाय. ड्राइव्ह हवा तर आणखी ८० डॉलर मोजा. तो पहिल्यांदा जोडताना इंटरनेटही लागतं. सगळ्यात महाग मॉडेलमधून सगळ्यात जुनी सोय काढायची आणि तिचे वेगळे पैसे लावायचे, ही गिऱ्हाइकाची उघड लूट आहे.

डाउनलोडवर किती भरवसा ठेवावा, तेही बघा. डिसेंबर २०२३ मध्ये प्लेस्टेशनवर पैसे देऊन घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम लोकांच्या खात्यांतून काढून टाकण्याची सूचना निघाली. ओरड झाली, मग निर्णय फिरला. निन्टेन्डोचं 'वी यू' आणि 'थ्रीडीएस' या गेमच्या यंत्रांवरचं दुकान मार्च २०२३ मध्ये खरेदीसाठी बंद झालं. फक्त तिथेच विकले जाणारे किती तरी गेम आज सरळ मार्गाने विकत मिळत नाहीत. अमेरिकेतल्या 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन'ने २०२३ मध्ये पाहणी केली. २०१० पूर्वी तिथे निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आता बाजारात नाहीत, असं तिच्यात दिसलं. गेम ही कला मानत असाल तर हे नुकसान किती मोठं आहे बघा. ज्याच्याकडे जुनी डिस्क किंवा कॅसेट आहे, त्याच्याकडे निदान गेम तरी आहे.

डिस्क असली म्हणजे सगळं सुखरूप, असंही नाही. युबिसॉफ्ट कंपनीने 'द क्रू' या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले आणि त्याच्या डिस्क निव्वळ चकत्या उरल्या, कारण तो गेम सर्व्हरवाचून चालतच नव्हता. त्यावरून युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि दहा लाखांहून जास्त सह्या जमल्या. मला ही मोहीम शंभर टक्के पटते. विकलेला गेम कंपनीला लांबून बंद करता येता कामा नये.

आता बहुतेक गेम डाउनलोडनेच खपतात, मग फटीचा खर्च कशाला, असं कंपन्या म्हणतील. ज्यांना डाउनलोड सोयीचं आहे त्यांनी जरूर करावं. पण बाकीच्यांची वाट बंद करायचा अधिकार त्यातून मिळत नाही. २०१३ ला आणि २०२३ ला लोकांनी आवाज चढवला म्हणून निर्णय मागे घेतले गेले. आपला आवाज म्हणजे आपली खरेदी. दिवाळीत किंवा दहावीच्या निकालानंतर घरात गेमचा डबा यायचा असेल, तर दुकानदाराला डिस्कवालाच मागा. नसेल तर मागवून घ्या म्हणा, आणि तो येईपर्यंत थांबा.