मनासारखं दान

१,११,१११ डॉलर. आकडा ऐकून बडोद्यातल्या आमच्या पोळेतल्या, म्हणजे गल्लीतल्या, एका काकू म्हणाल्या, हे कुणीतरी आपल्यातल्याच बाईने पाकिटात घातलेले दिसतात. शुभकार्याला वर एक ठेवायची आपली रीत, इथे तर सगळे एकच ठेवलेत. पण पाकीट लास वेगासचं. २०१२ साली तिथे 'बिग वन फॉर वन ड्रॉप' नावाचा पोकरचा डाव मांडला. बसायचे दहा लाख डॉलर, त्या वेळच्या भावाने साधारण साडेपाच कोटी रुपये. त्यातले १,११,१११ डॉलर जगातल्या तहानलेल्यांना पाणी मिळावं म्हणून, बाकीचे टेबलावर. ४८ जण बसले. सगळ्या तहानलेल्यांना मिळून ५३ लाख ३३ हजार डॉलर मिळाले, आणि डाव जिंकणाऱ्या एकट्या अँटोनियो एस्फंदियारीला एक कोटी ८३ लाख.

केवढं कौतुक झालं! कॅसिनोने आपला वाटा सोडला म्हणून त्याचं कौतुक, धनाढ्य लोक गरिबांसाठी पत्ते पिसतात म्हणून त्यांचं. डाव मांडणारे होते 'सर्क द्यु सोलेल' या सर्कशीचे सहसंस्थापक गी लालिबर्ते. पाण्याबद्दल जागृती व्हावी म्हणून २००९ मध्ये हे गृहस्थ स्वखर्चाने अंतराळात जाऊन आले होते. त्या मानाने पोकर म्हणजे काटकसरच.

घडियाळी पोळेत ओट्यावर हा विषय निघाला तेव्हा बँकेतून निवृत्त झालेले एक काका सरळ म्हणाले, "पाणीच पाजायचं ना? मग चेक फाडा. मध्ये पत्ते कशाला?"

काकांनी जन्मभर चेकच पास केले, त्यामुळे चेकभोवती कॅमेरे जमत नाहीत हे त्यांना ठाऊक नाही.

पोळेतला एक तरुण मात्र चिडला. त्याचं पोकरचं अ‍ॅप गेल्या वर्षी, २०२५ च्या ऐन श्रावणात, संसदेने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले तेव्हा गेलं. "काका, हा स्किलचा गेम आहे!" काकांनी शांतपणे सांगितलं की गुजरात उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्येच पोकर हा जुगार ठरवलाय. मग तरुणाने महाराष्ट्राचं उदाहरण काढलं. तिथे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांची सभागृहात मोबाईलवर रमी चालल्याची चित्रफीत जुलै २०२५ मध्ये गाजली. आपण खेळत नव्हतो, आपोआप उघडलेलं बंद करत होतो, असं ते सांगत राहिले. महिना संपेपर्यंत त्यांचं खातं बदललं आणि नवीन खातं मिळालं क्रीडा. पत्त्यांना खेळ मानणारं सरकार आणखी कसं असायला हवं?

आमच्याकडे श्रावण आला की वाती आणि पत्ते बरोबरच निघतात. त्याला इथे नावच आहे, श्रावणियो जुगार. सातम-आठमला तर जन्माष्टमीचं जागरण हे कारण आयतंच मिळतं. कुणाच्या तरी माळ्यावर तीन पत्ती बसते, कुणीतरी खबर देतो, पोलीस जिना चढतात. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते: रोख इतके हजार, मोबाईल इतके, आणि बावन्न पानं, सगळं मुद्देमालात जमा. फोटोत पकडलेले ओळीने उभे, तोंडाला रुमाल. कायदा १८८७ चा, मुंबई इलाख्याचा, दोन्ही राज्यांनी वारशात घेतलेला. या बिचाऱ्यांची चूक एवढीच की गादीशेजारी पाणपोईची पेटी ठेवायचं कुणाला सुचलं नाही. आणि डाव हजारांत होता. कोटींत असता तर रुमाल लागले नसते, सूट लागले असते.

बडोद्याला मोठ्या पैजेचं वावडं आहे असं मात्र कुणी समजू नये. १९४५ मध्ये महाराजा प्रतापसिंहरावांनी इंग्लंडात वर्षाचं शिंगरू २८,००० गिनींना घेतलं. त्या काळचा तो विक्रम होता. १९४७ मध्ये त्याने सेंट लेजर जिंकली. नाव ठेवलं होतं 'सयाजीराव'. आजोबांनी आजव्याचं तळं बांधून शहराला पाणी दिलं, नातवाने आजोबांचं नाव घोड्याला दिलं. बडोदे अजून तळ्याचं पाणी पितं आणि घोड्याच्या गोष्टी सांगतं. पाणी आणि पैज एकाच बैठकीत उरकायची युक्ती आमच्या राजघराण्याला सुचली नाही, ती लालिबर्तेंना सुचली.

आता त्या बैठकीतला मला आवडलेला माणूस. दोन वर्षांनी, २०१४ मध्ये, दहा लाखांचा तोच डाव पुन्हा मांडला आणि पंचविशीही न गाठलेला डॅन कोलमन एक कोटी ५३ लाख डॉलर जिंकला. जिंकला आणि हसलाच नाही. मुलाखती नाकारल्या, फोटोला कसाबसा उभा राहिला. मागून त्याने लिहिलं ते साधारण असं, की या खेळात बहुतेकांचं नुकसानच होतं, कित्येकांची आयुष्यं बिघडतात, त्याची जाहिरात मी करणार नाही. झालं! पोकरवाले खवळले. कृतघ्न काय, उद्धट काय, खेळाचा दूत व्हायची संधी घालवली काय. बसायचे दहा लाख कुणाला खटकले नव्हते, पाण्याचे अकरा टक्केही खटकले नव्हते. खटकलं ते विजेत्याचं आंबट तोंड. याच खेळावर कोट्यवधी कमावून त्याला नावं ठेवणं ढोंग आहे, असंही लोक म्हणाले, आणि त्यात तथ्य आहे. पण त्या टेबलावर ढोंग करणारा तो एकटा होता, असं म्हणायला मोठं धैर्य लागेल.

आणि डेव्हिड आइनहॉर्न? २०१२ मध्ये तिसरा आला, मिळालेले ४३ लाख ५२ हजार डॉलर 'सिटी इयर' या संस्थेला देऊन मोकळा झाला. त्याचं नाव पोळेत कुणीच ऐकलेलं नव्हतं. काकांनी मात्र मान डोलावली. "हा चेकवाला."

मी काकांना विचारलं, मग युनायटेड वेच्या गरब्याचं काय? तोही परोपकारासाठीच, पैसा सामाजिक संस्थांना जातो. तिथे कुणी म्हणत नाही की नाचता कशाला, चेक फाडा. काका गप्प. नातीचा नऊ दिवसांचा पास घरात आलेला होता. पलीकडून काकू म्हणाल्या, "गरब्यात फार तर चप्पल हरवते, घर नाही." काकूंना द्यायला मला उत्तर सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर शोधावंसंही वाटलं नाही.

पुढे २०१९ मध्ये लंडनला 'ट्रायटन मिलियन' झाला. बसायचे साडेदहा लाख पौंड, दानाचे पन्नास हजार. सात वर्षांत दानाचा टक्का अकरावरून पाचाच्याही खाली. वर शेवटच्या दोघांनी आपसात वाटणी ठरवली, त्यामुळे पहिल्यापेक्षा दुसऱ्यालाच जास्त पैसे मिळाले. टाळ्या तेवढ्याच.

ही माहिती मी द्यायला नको होती. पोळेतल्या पोरांनी पुढच्या सातम-आठमसाठी पत्र्याची पेटी आणून ठेवलीय, वर पांढऱ्या रंगात 'पाणपोई फंड'. टक्का किती ठेवायचा यावर वाद सुरू आहे. एक म्हणतो वेगासचा अकरा, दुसरा म्हणतो लंडनचा पाच. तिसऱ्याच्या हातात पत्ते होते. तो म्हणाला, "आधी हा डाव होऊ दे."