बेटकाका

नौपाडा, पाचपाखाडी, वर्तकनगर. ठाण्यात कुठेही घर घ्या, सोसायटीत एक बेटकाका असतातच. बँकेतून निवृत्त, गळ्यात दुर्बीण, खिशात भरती-ओहोटीचं वेळापत्रक. लिफ्टमध्ये गाठ पडली की पहिला प्रश्न ठरलेला, "आपण बेटावर राहतो, माहीत आहे ना?" यावर नाही म्हणणं सोयीचं. हो म्हटलं की तोंडी परीक्षा सुरू होते.

मग साष्टी बेट समजावून दिलं जातं. पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र आणि मधोमध शंभराहून अधिक चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान. "लोक कर्ज काढून अंदमानला जातात! इथे बिबटे आहेत, विहार तलावात मगरी आहेत, खाडीत फ्लेमिंगो आहेत. आपल्याला फक्त मेंटेनन्स भरायचा आहे."

खाडीपलीकडे कळव्यापासून कल्याणपर्यंतची सगळी प्रजा त्यांच्या लेखी पर्यटक. १८५४ साली रेल्वे खाडी ओलांडून कल्याणला पोचली, हा इतिहास ते "तेव्हापासून बेटावर गर्दी वाढली" एवढ्या एका वाक्यात संपवतात. डोंबिवलीला दिलेली धाकटी बहीण राखीला येते. ओवाळणी मिळायच्या आधी तिला बोलणी मिळतात. "फ्लेमिंगो बघायचे तर श्रावणात येऊन काय उपयोग? नोव्हेंबरनंतर ये. ऐरोलीच्या केंद्रातून बोट सुटते, पण भरती बघून. बोट आपल्या सोयीने नाही, पाण्याच्या सोयीने सुटते."

"मी तुला राखी बांधायला आलेय दादा," बहीण म्हणते.

"ती बांध. पण पांढरीशुभ्र साडी नेसून खाडीवर येऊ नकोस. पक्षी बुजतात."

खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. दोन्ही वेळा बेटकाकांनी सोसायटीत पेढे वाटले. कुणाच्या नातवाला नोकरी लागली असं समजून लोकांनी ते खाल्ले.

त्यांचं खरं पीठ मात्र येऊर, म्हणजे उद्यानाची ठाण्याकडची बाजू. तिथे जाणाऱ्याची ते गेटवरच झडती घेतात. स्पीकर? घरी ठेवा. वेफर्स? माकडांना एकही द्यायचा नाही. परत कधी? अंधार पडायच्या आत. आणि बिबट्या समोर आला तर? "पळायचं नाही. पाठ फिरवायची नाही. मुलाला कडेवर घ्यायचं आणि तोंड त्याच्याकडेच ठेवून सावकाश मागे सरकायचं. मुख्य म्हणजे वाकायचं नाही, वाकलेला माणूस त्याला शिकारीसारखा दिसतो." या शेवटच्या नियमापायी त्यांनी लेसचे बूट कायमचे सोडले आहेत. येऊरला ते वेलक्रोचे बूट घालून जातात.

२०१८ च्या कॅमेरा-मोजणीत उद्यान परिसरात ४७ बिबटे नोंदले गेले. बेटकाकांना त्यातला एकही अजून दिसलेला नाही. जंगलात मोठ्याने बोलत चालावं, म्हणजे जनावर आपणहून बाजूला होतं, हा त्यांचाच नियम. "मग दिसणार कसा?" काकू म्हणतात. "मलाही संधी असती तर मीसुद्धा बाजूला झाले असते."

सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगवरून हाणामारीची वेळ आली असताना बेटकाका उठतात आणि ओल्या कचऱ्यावर बोलतात. उघडा कचरा असला की कुत्री येतात, कुत्री आली की बिबट्या येतो. सेक्रेटरी कपाळाला हात लावतो, पण कचऱ्याच्या डब्यांना झाकणं बसली आहेत. नोटीस बोर्डावर टँकरवाल्याच्या नंबरखाली वनखात्याचा १९२६ हा नंबरही आहे.

फेब्रुवारी २०१९ मध्ये बिबट्या थेट कोरम मॉलमध्ये शिरला, तेव्हा बेटकाका चहा टाकून धावले. बघ्यांची गर्दी झाली की जनावर बिथरतं, वनखात्याच्या माणसांना काम करता येत नाही, म्हणून लोकांना पांगवायला. ते इतकं तळमळीने समजावत होते, की त्यांना ऐकायला वेगळी गर्दी जमली.

या माणसाला गप्प करायची संधी डोंबिवलीला एकदाच मिळाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेत एका इमारतीत बिबट्या शिरला. बहिणीने लगेच फोन लावला. "दादा, बघितलंस का टीव्हीवर? आता आमच्याकडेही येतात हो! त्याला बेट लागत नाही."

पलीकडे क्षणभर शांतता. मग खाकरून आवाज आला.

"येऊ दे की. पण इमारतीत का शिरला बिचारा? कारण तुमच्याकडे त्याला चार गोष्टी समजावून सांगणारं कुणी नाही."