टाकी एवढीशीच व्हय?

माकणीच्या माणसाला मापांचं भय नाही. निम्न तेरणा धरण गावाला खेटून. पावसाळ्यात टपरीवर दलघमीशिवाय, म्हणजे दशलक्ष घनमीटरांशिवाय, बोलणं नसतं. पाहुण्यानं टीएमसीत विचारलं, तर एक टीएमसी म्हणजे सव्वाअठ्ठावीस दलघमीच्या वर थोडं, हे सांगणारा चहा पिता पिता भेटतो. तोच माणूस नव्या गाडीपुढं मात्र थबकतो.

"मामा, इंजिन वन पॉइंट टू लिटरचं आहे."

"टाकी एवढीशीच व्हय रं?"

प्रश्न रास्त आहे. लिटर म्हटलं की आपल्याला दूध आठवतं, नाहीतर पेट्रोल. इथं लिटरनं मोजतात ती जागा. पिस्टन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना सिलिंडरातली जेवढी जागा झाडून काढतो तेवढी, आणि सिलिंडर अनेक असतील तर सगळ्यांची बेरीज. स्प्लेंडरच्या सिलिंडरचा व्यास 50 मिमी, पिस्टनची धाव 49.5 मिमी. वर्तुळाचं क्षेत्रफळ काढून धावेनं गुणा, 97.2 सीसी येतात. शाळेत वृत्तचितीला शिव्या घालणारी पोरं आज त्याच वृत्तचितीवर ट्रिपल सीट फिरतात! मारुती 800 मध्ये असे तीन सिलिंडर, बेरीज 796. उरलेले चार सीसी नावापुरते.

सीसी म्हणजे घन सेंटीमीटर, आणि तो बरोबर एका एमएलएवढा. सोयाबीन फवारताना पंपात टोपणानं औषध मोजणाऱ्याला हे काय शिकवायचं? हजार एमएलचा लिटर, तसा हजार सीसीचा. महिंद्राच्या जुन्या जीपचं इंजिन 134 घन इंची. एका घन इंचात 16.4 सीसी, म्हणजे सुमारे 2,200.

यातून गाडीची ताकद कळेलच असं नाही. टर्बो लावलेलं एक लिटरचं इंजिन साध्या 1.2 ला मागं टाकतं. अॅव्हरेज तर त्याहून कळत नाही, आणि मामांना तेवढंच हवं असतं.

सरकारला मात्र सीसीच हवे असतात. चार मीटरच्या आतल्या पेट्रोल गाडीला 1,200 सीसीपर्यंत कमी जीएसटी. म्हणून स्विफ्टचं इंजिन 1,197 चं. थर्ड पार्टी विम्याचा 2022 चा दर हजार सीसीपर्यंत 2,094 रुपये, त्यापुढं 1,500 पर्यंत 3,416. तेव्हा विमा भरताना गाडीच्या मागच्या चकाकत्या आकड्यावर जाऊ नका, आरसीवरचे सीसी वाचा.