आंबेनळी व्हाया प्राग

भूरसायनशास्त्रात पीएच.डी. करते असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या कानात फक्त 'भू' शिरतो. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, 'मग आमच्या वावरात बोअर कुठे घेऊ?' पाणी शोधणारी माणसं वेगळी, आम्ही वेगळे, हे पटवून देण्याचा नाद मी सोडला आहे. हल्ली सरळ ईशान्येकडे बोट दाखवते. वास्तुशास्त्राचाही पाठिंबा मिळतो.

खरं काम सांगायचं, तर मी सह्याद्रीच्या काळ्या कातळातल्या स्ट्रॉन्शियमचं तिसरं दशांशस्थळ मोजते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर साचले. डोळ्यांना सगळे सारखेच काळे, नावं मात्र आसपासच्या घाटांची आणि गावांची. पण स्ट्रॉन्शियम-८७ आणि स्ट्रॉन्शियम-८६ यांचं गुणोत्तर काढलं, की आंबेनळीचा थर ०.७०४ च्या आसपास सापडतो आणि बुशेचा ०.७१३ च्याही वर. आंबेनळीचा लाव्हा विनाथांबा एसटीसारखा पृथ्वीच्या पोटातून जवळजवळ थेट वर आला. बुशेचा मात्र प्रत्येक ढाब्यावर उतरून, जुन्या कवचातला ग्रॅनाइट खात खात आला. खाल्लेलं अजून अंगी दिसतं. आईला हे सगळं समजावल्यावर ती म्हणाली, "आणि हे सांगायला प्रागला जायचं? महाबळेश्वरला जाऊन सांग की."

गोल्डश्मिट परिषद ही भूरसायनवाल्यांची दरवर्षीची मोठी परिषद. २०२५ साली ती प्रागला ६ जुलैला सुरू झाली, आणि नेमकी त्याच दिवशी आषाढी एकादशी. सकाळीच आईचा फोन. प्रागमध्ये बटाटे मुबलक मिळतात, एवढं मी तिला खात्रीने कळवलं. विशेहराड स्थानकावर उतरायचं. त्याआधी मेट्रो चक्क एका उंच पुलाच्या पोटातून धावते. समोर परिषदेची इमारत. गळ्यात नावाचा पट्टा अडकवला की तुम्ही जगातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या रांगेत उभे राहता. रांग अर्थातच कॉफीची.

ज्याच्या नावाने परिषद भरते, तो व्हिक्टर गोल्डश्मिट १८८८ साली झुरिकला जन्मला. त्याचे वडील मूळचे याच प्रागचे. पहिली परिषद त्याच्या जन्मशताब्दीला, १९८८ मध्ये अमेरिकेत भरली. त्याने मूलद्रव्यांची वर्गवारी केली ती त्यांच्या ओढीवरून. कुणाला लोखंडाची ओढ, कुणाला गंधकाची, कुणाला सिलिकेट खडकांची, आणि काही नुसतीच हवेत जाणारी. तिसऱ्या दिवशी दुपारी चार्ल्स पुलावर पाहिलं, तर या चौथ्या वर्गातली मंडळी गळ्यातले पट्टे खिशात कोंबून बरीच फिरत होती. मी तिथे काय करत होते, हे सरांनी अजून विचारलेलं नाही.

हा गोल्डश्मिट ज्यू. १९४२ मध्ये नॉर्वेत नाझींनी त्याला पकडलं, जहाजावर चढवायच्या ऐनवेळी सोडलं, आणि तो स्वीडनमार्गे इंग्लंडला निसटला. त्या काळात तो खिशात सायनाइड बाळगायचा. यंत्रशास्त्राच्या एका प्राध्यापकाने थोडं मागितलं, तेव्हा हा म्हणाला म्हणे, की विष फक्त रसायनवाल्यांसाठी. तुमच्या विभागाने दोर वापरावा. मृत्यू दाराशी असतानाही विभागांच्या हद्दी पाळणारा हा माणूस मला अस्सल प्राध्यापक वाटतो.

माझं पोस्टर संध्याकाळच्या सत्रात होतं. "पोस्टरपासून हलायचं नाही," असं सरांनी बजावलेलं. बघणाऱ्यांची एक रीत असते. नजर आधी तुमच्या पट्ट्यावर जाते, मग संस्थेच्या नावावर, मग पोस्टरवर, आणि तिथून हळूच शेजारच्या पोस्टरकडे. शेजारी मंगळावरचं पाणी होतं. मंगळापुढे पोलादपूरचं काय चालणार? लोक हातात बिअर घेऊन तिकडे गर्दी करत होते. मी माझ्या आलेखांकडे असं बघत राहिले, जणू ते मलाही पहिल्यांदाच दिसत होते.

तेवढ्यात पिकल्या केसांचे एक गृहस्थ आले. पट्टा पाहिला नाही, नमस्कार-चमत्कार नाही. चष्मा कपाळावर सरकवून नकाशाला नाक लावलं आणि म्हणाले, "आंबेनळी! हे वळण मला माहीत आहे. नमुना आम्लाने धुतला होतास का?" प्रश्न अचूक होता. घाटातला पाऊस कातळाच्या भेगांत शिरून स्ट्रॉन्शियमचा हिशोब बिघडवतो, म्हणून दळलेला दगड आम्लाने धुऊन घ्यावा लागतो. धुतला होता म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "किती वेळ?" पुढचा तासभर आम्ही भांडलो. इतक्या आपुलकीने माझ्याशी आजवर कुणी भांडलं नव्हतं.

आमच्या विषयातली भांडणंही काही लहानसहान नसतात. २०१९ मध्ये 'सायन्स'च्या एकाच अंकात दोन गटांनी दख्खनच्या लाव्ह्याची वयं छापली. एकाने थरांमधल्या लाल मातीतले झिरकॉन वेचून युरेनियम आणि शिसं मोजलं, दुसऱ्याने कातळातला अरगॉन. दोघांचेही नमुने आपल्या घाटांतले. तरी डायनोसॉर गेले तेव्हा पोलादपूरचा थर वाहत होता की अजून यायचा होता, यावर एकमत नाही. प्रागच्या सभागृहात भलेभले लोक खंडाळा, ठाकुरवाडी, बुशे अशी नावं चुकतमाकत घेत एकमेकांवर तुटून पडतात, आणि त्या गावांना त्याचा पत्ताही नसतो.

तेव्हा पोलादपूरहून महाबळेश्वरला चढताना रस्त्याकडेच्या कातळात बोटभर रुंदीची गोल भोकं दिसली, तर ती सुरुंगाचीच असं समजू नका. दगडाचं चुंबकत्व मोजणारेही नमुन्यासाठी तशीच भोकं पाडतात. आणि कुणी हातोडा घेऊन कडा फोडताना आढळलं, तर पोलिसांना फोन करण्याआधी गाडी बाजूला घेऊन एकदा विचारा. मात्र हातात निदान अर्धा तास असू द्या. आम्ही थोडक्यात सांगत नाही.