पलटण जिंकली, पंचाईत झाली

सायखेड्यात कबड्डीचा संघ कुणी निवडत नाही, तो सोयरिकीतून घरात येतो. ज्याचा पोरगा चाकणला कंपनीत आहे, तो पुणेरी पलटणचा. ज्याची पोरगी ठाण्याला दिली आहे, तो यू मुम्बाचा. आमचा कांदा वाशीला जातो आणि पोरं पुण्याला, त्यामुळे निफाड तालुक्यात अशी घरंही आहेत जिथे दोन्ही संघ एकाच ताटात जेवतात. जावई आणि पोरगा एकदम मुक्कामाला आले आणि त्या दिवशी मुम्बा-पलटण सामना असला, तर टीव्हीसमोर कोण कुठे बसणार हे घरातली म्हातारी ठरवते. तिचा निर्णय तिसऱ्या पंचाकडे जात नाही.

मी पलटणचा. पुण्यात शिकलो. तिथे मला कुणी आपलं म्हटलं नाही, पण मी अजून त्यांना आपलं म्हणतो.

सामना बघायचा तो पुलाच्या अलीकडच्या टपरीवर. पूल गोदावरीवरचा, पलीकडे चांदोरी. पावसाळ्यात नदी चढली की पूल पाण्याखाली जातो आणि चांदोरीकर समर्थक तिकडेच अडकतात. त्या दिवसांत वादाची पातळी थोडी खाली येते, कारण त्यांच्यातले दोघे खरोखर अभ्यास करून बोलतात. टपरीवर टीव्ही नाही. साखरेच्या बरणीला मोबाइल टेकवलेला असतो. समोरच्या घरात मात्र डिश आहे. तिथे गुण आधी होतो, आमच्याकडे मागून. आमचा चढाईपटू अजून मध्यरेषेवर मांडी थोपटत असतो, तेवढ्यात समोरून आरोळी येते, ‘गेला!’ मग पुढचं अर्धं मिनिट आम्ही, जो जाणारच आहे त्या माणसाला, ‘आरं जाऊ नको, कॉर्नर बसलाय’ म्हणून जीव तोडून सांगत बसतो.

सांगणाऱ्यांत पहिला मान सरांचा. सर शाळेतून पी.टी. शिकवून निवृत्त झाले. त्यांच्या मते कबड्डी मॅटवर गेली त्या दिवशीच संपली. मातीत खेळणाऱ्याचे गुडघे फुटायचे, म्हणून तो डोकं वापरायचा, हा त्यांचा सिद्धांत. कबड्डीमहर्षी बुवा साळवींचं नाव त्यांच्या तोंडी एकदा तरी येतंच, आणि १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी दाखवली होती हेही येतं. ते ऐकल्याशिवाय चहा मिळत नाही. दुसरे शेठ, कांद्याचे व्यापारी. तिसरे नाना, पाच एकर कांदा आणि यू मुम्बा, म्हणजे दोन्हीकडून चिंता. चहावाला कुठल्याच संघाचा नाही. सामना बरोबरीत सुटावा एवढंच त्याचं मागणं. वाद लांबतो, चहा वाढतो.

प्लेऑफचं गणित शेठकडे. वजनकाट्याच्या पावतीच्या पाठीवर ते बारा संघांची उतरंड मांडतात. २०२४ च्या हंगामापर्यंत हिशेब असा होता की जिंकलं तर पाच गुण, बरोबरीला तीन, आणि सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरलं तरी एक. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा नानांनी कप खाली ठेवला. ‘हरल्यावर बी गुण? आसा नियम कांद्याला पायजे.’ त्यानंतर कितीतरी दिवस ते भाव पडला की विचारायचे, ‘सातच्या आत पडला का बाहेर?’ पुढे २०२५ मध्ये नियम बदलला. जिंकलं तर दोन गुण, हरलं तर काही नाही. नाना म्हणाले, ‘घ्या. अनुदान बंद केलं.’

लिलावाच्या बाबतीत मात्र सायखेड्याला कुणी शहाणपण शिकवू नये. पिंपळगाव बसवंत बाजार समितीचा उपबाजार इथे आहे. ट्रॉलीतला मूठभर कांदा हातात घेऊन व्यापारी काही सेकंदांत मोकळा होतो आणि शेतकरी वर्षभर विचार करत बसतो. त्यामुळे २०२३ च्या लिलावात पलटणने इराणच्या मोहम्मदरझा शादलूला दोन कोटी पस्तीस लाखांना घेतलं, तेव्हा टपरीवर पहिला प्रश्न खेळाचा नव्हता. शेठने पंधराशे रुपये क्विंटल धरून पावतीवर आकडा काढला, पंधरा हजार सहाशे क्विंटल आणि वर थोडा. पंचवीस क्विंटलची ट्रॉली म्हटली तर सव्वासहाशे ट्रॉल्या. नानांनी विचारलं, ‘आणि त्यात एक बी सडका नाही?’

नव्हता. डाव्या कोपऱ्यात त्या पठ्ठ्याने अख्खा हंगाम माणसं धरली. कप्तान अस्लम इनामदार आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्याचा, चढाईला नाशिकचा आकाश शिंदे, प्रशिक्षक बी. सी. रमेश. बावीस साखळी सामन्यांत दोनच हारी. १ मार्च २०२४ ला हैदराबादला अंतिम सामना झाला, पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गडी टिपले, आणि हरियाणा स्टीलर्सला २८-२५ ने हरवून पलटणने पहिल्यांदा कप उचलला. २०२२ ला अंतिम सामन्यात जयपूरने तोंडचा घास काढून घेतला होता, त्याचीही भरपाई झाली.

आणि इथे आमची पंचाईत सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी सगळे ठरल्या वेळी टपरीवर आले. कुणीतरी म्हणालं, ‘भारी झालं.’ सगळे म्हणाले, ‘भारीच.’ संपलं. प्रशिक्षकाला काढा म्हणायची सोय नाही, कारण तो जिंकून बसलेला. अमक्याला का खेळवला विचारायची सोय नाही, कारण ज्याला खेळवला त्याने गुण आणलेले. सरांनी एकदा पायांच्या चुका काढून पाहिल्या, पण त्यांचाच आवाज लागेना. नाना मुम्बाचे, त्यांनी तरी भांडावं, तर ते अभिनंदन करू लागले. अभिनंदन करणाऱ्या माणसाशी किती वेळ बोलणार? शेवटी विषय कांदा निर्यातबंदीवर गेला. ती ८ डिसेंबरपासून लागलेली होती आणि तिच्यावर सगळ्यांचं एकमत होतं. दोन्ही बाजूंनी एकमत! चहावाल्याने तो महिना तोट्यात काढला.

देव पावला तो पुढच्या हंगामात. शादलू हरियाणाला गेला आणि हरियाणाने कप नेला. आमचा अस्लम दुखापतीने बाहेर बसला आणि गतविजेती पलटण प्लेऑफमध्येसुद्धा पोचली नाही. टपरीला बहर आला. रमेशसाहेबांना ठेवावं की काढावं यावर इतकं रण माजलं की दोघांनी एकमेकांच्या विहिरीच्या मोटारीपर्यंत विषय नेला. सरांचं म्हणणं, प्रशिक्षकाचा काय दोष, त्याने २०१९ ला बंगालला जिंकवून दाखवलंय. शेठचं म्हणणं, ‘ज्याच्या चाळीत शादलू, त्याचा कप. प्रशिक्षक नुसता राखणीला.’

प्रशिक्षकावरून वाद निघाला की आमच्याकडे जाकार्ता निघतंच. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत इराणच्या पोरींनी अंतिम सामन्यात भारताला २७-२४ ने हरवलं. इराणच्या प्रशिक्षक होत्या शैलजा जैन, आपल्या नाशिकच्या! त्या दिवशी टाळ्या वाजवाव्यात की कपाळ बडवावं, हे टपरीला कळेना. देश हरला होता आणि जिल्हा जिंकला होता. सरांनी तोडगा काढला, आधी दोन मिनिटं वाईट वाटून घ्यायचं, मग चहा. पुरुषांनी पाच वर्षांनी हांगझोऊला इराणला ३३-२९ ने हरवून हिशेब पुरा केला. त्या संघात अस्लम होता आणि आकाशही. लॉबीच्या नियमावरून तो सामना तिथे जवळजवळ तासभर थांबला होता. आमच्याकडे तो अजून थांबलेलाच आहे. टपरीपुढच्या मातीत बुटाच्या टोकाने लॉबी आखून सर आजही दाखवतात की आपला पवन सेहरावत बाहेर कुठे गेला आणि इराणी का नको तिथे मागे धावले. लॉबीत उभा राहून पवन व्हायचं काम माझ्याकडे.

मध्यंतरी टोरांटोहून आत्याच्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला. तो तिथल्या मेपल लीफ्स या आइस हॉकी संघाचा भक्त. हॉकी म्हटल्यावर सर खडकीच्या धनराज पिल्लेवर सुरू झाले. ही हॉकी बर्फावर खेळतात, असं कळल्यावर त्यांनी तिलाही मॅटच्या रांगेत बसवलं. पण पुढची हकीकत ऐकून सगळे गंभीर झाले. या संघाने स्टॅन्ली कप शेवटचा जिंकला १९६७ साली. २०१३ ला प्लेऑफच्या सातव्या सामन्यात शेवटच्या सत्रात बोस्टनविरुद्ध ४-१ ने पुढे होते, तिथून हरले. २०२५ ला पुन्हा सातवा सामना, तोही घरच्या मैदानात, फ्लोरिडाकडून १-६. यू मुम्बाने कप घेतला २०१५ ला, तेव्हापासून नाना स्वतःला जगातला सर्वांत दुःखी समर्थक समजत. त्या रात्री त्यांनी मोबाइल स्वतःच्या हातात घेतला आणि विचारलं, ‘दादा, जेवणखाण नीट करतो ना?’

सरांनी बोस्टनच्या सामन्यावर उपाय सांगितला, पुढे असताना रिकाम्या चढाया मारून वेळ काढायचा. आत्याच्या मुलाने समजावून पाहिलं की बर्फावर तसं करता येत नाही. सरांना पटलं नाही. मेपल लीफ्सचा मोठा खेळाडू मारनर वेगासला गेला आणि बदल्यात दुसरा एक मिळाला, हे ऐकून शेठ एवढंच म्हणाले, ‘बैल दिला, गोऱ्हा घेतला.’ पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग तो म्हणाला की तिकडचे तज्ज्ञ हेच तासभर सांगतात.

मला मात्र त्याचा हेवा वाटला. इतकी वर्षं कप नाही, म्हणजे इतकी वर्षं बोलायला विषय. आमच्या पलटणने एकदा जिंकून आमचा एक अख्खा उन्हाळा वाया घालवला.

२०२५ च्या हंगामात आकाश शिंदे आणि रमेशसाहेब दोघेही बेंगळुरूला गेले, म्हणजे नाशिकच्या पोराला पाडा म्हणून ओरडायची वेळ आमच्यावर आली. ओरडलो, पण हळू. पलटणचे नवे प्रशिक्षक होते अजय ठाकूर. ३१ ऑक्टोबरला दिल्लीत आमचा अंतिम सामना झाला आणि दबंग दिल्लीने ३१-२८ ने नेला. अखेरच्या क्षणांत आमच्या आदित्य शिंदेला धरलं ते फजल अत्राचलीने, जो २०२२ ला आमचाच कप्तान होता. समोरच्या घरातून ‘गेला!’ आलं, आणि त्या रात्री टपरी साडेअकरापर्यंत उघडी राहिली. उसात बिबट्या आहे म्हणून एरवी दहालाच घोळक्याने घरी जाणारी माणसं जागची हलेनात.

तो वाद अजून मिटलेला नाही. तेव्हा पुढच्या लिलावाच्या दिवशी सायखेड्याला जरूर या. पुलावर पाणी नसेल तर चांदोरीकडूनही येता येईल. चहाचे पैसे शेठ देतात. आदित्यला शेवटी पाठवायला नको होतं असं तुमचं मत असेल, तर नानांशेजारी बसा. पाठवायलाच हवं होतं म्हणत असाल, तर माझ्या बाकावर जागा आहे. आणि तुमचं काही मतच नसेल, तर कृपा करून येऊ नका.