लिफ्टवाले काका

नांदेडचं भाग्यनगर असो की लातूरचा औसा रोड, एखादे लिफ्टवाले काका सापडतातच. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, खिशात मापाचा टेप, घराला लागून दहा बाय बारा फुटांचं पत्र्याचं शेड आणि त्यात १९५ किलोची बुलेट. गाडी आत सरळ जाते, पण वळत नाही. इथून संशोधनाला सुरुवात.

पहिला मुक्काम ओळखीच्या गॅरेजवर. तिथली हायड्रॉलिक लिफ्ट काका वाकून बघतात आणि मेकॅनिकलाच बजावतात, "तेलाच्या भरवशावर राहू नको. सील गळालं की प्लेट बसते. लोखंडी लॉक पडल्याशिवाय खाली हात घालायचा नाही!" मुद्दा बिनतोड असल्यामुळे मेकॅनिकला मुकाट्याने ऐकून घ्यावं लागतं.

मग जॅकची पाळी. जुन्या बुलेटच्या इंजिनाखालून चेसीचा पाइप जात नाही. इंजिन हाच चेसीचा एक दुवा. म्हणून जॅक थेट इंजिनाच्या पोटाला लागतो आणि मध्ये लाकडी फळी द्यावी लागते. ती सागाची असावी की बाभळीची, यावर दोन चहा होतात. दुसऱ्या चहाचे पैसे मेकॅनिक देतो, कारण काका तोवर फळीची जाडी मोजत असतात.

घरी आल्यावर खडूने फरशीवर लिफ्ट आखली जाते. सात फुटांची प्लेट, पुढे चढायचा उतार. माणसाला उभं राहायला जागा उरते, पण ती गव्हाच्या कोठीत.

"कोठी हलणार नाही," काकू आतूनच सांगतात.

तेव्हा लिफ्ट बाद, आता डॉली: चाकं लावलेली लोखंडी पाटी. गाडी तिच्यावर चढवून डबल स्टँडवर घ्यायची आणि हवी तशी फिरवायची. पण शेडमध्ये शहाबादी फरशी! लहान चाक सांध्यात अडकलं की वरची गाडी कलंडणार. म्हणजे चाकं मोठी हवीत. मोठ्या चाकांनी पाटी उंच होणार, आणि १९५ किलो तेवढं वर चढवायचं कोणी?

या प्रश्नापायी काका लोहा, अहमदपूर, चाकूर मागे टाकत लातूरला साडूंकडे जातात. साडूही लिफ्टवालेच. दोघं रात्री अकरापर्यंत फरशीचे सांधे मोजतात आणि चाकाच्या मापावरून अबोला धरतात.

परतल्यावर गॅरेजचा पोरगा शेडमध्ये येतो. "कामून एवढं करायलेत, काका?" म्हणत बुलेट साइड स्टँडवर तोलतो, गर्रकन फिरवतो आणि हात झटकतो. काकांचा जीव वर. "अरे, सगळं वजन एका स्टँडवर! वेल्ड सुटलं म्हणजे?" हेही खरंच. बुलेट मात्र दाराकडे तोंड करून उभी.

अखेर डॉली येते. मोठ्या चाकांची, प्रत्येक चाकाला ब्रेक, चारशे किलो पेलणारी. त्याच दुपारी काकू तिच्यावर लोखंडी कूलर ठेवून तो ओसरीतून खोलीत नेतात. मे महिना, नांदेडचं ऊन; काढा म्हणायची सोय नाही. आल्यागेल्याला काका सांगतात, "सध्या लोड टेस्ट चालू आहे."