परदेशात पूल बांधायचा तर भामरागड कसे टाळावे

चंद्रपूर नाहीतर गडचिरोलीकडचे आहात, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहात, आणि जगाच्या पाठीवर कुठेतरी जाऊन गरिबांसाठी पूल, नळ किंवा संडास बांधावेत अशी उबळ आली आहे. अभिनंदन. घाबरू नका, पुष्कळांना येते. पुढील सूचना नीट पाळाव्यात.

आधी देश निवडा. तो लांबचा हवा, निदान एकदा तरी विमान बदलावे लागले पाहिजे. पेरू उत्तम, युगांडाही चालेल. भामरागड तालुका मात्र कटाक्षाने टाळावा. पर्लकोटा नदीला पूर आला की तिथला पूल पाण्याखाली जातो आणि गावेच्या गावे तुटतात. अडलेल्या बाळंतिणीला खाटेवर घालून आणावे लागते. नाल्यांवर गावकरी श्रमदानाने लाकूड-बांबूचे पूल बांधतात आणि पावसाळा ते घेऊन जातो. अडचणी सगळ्या पेरूच्याच तोडीच्या आहेत, पण एसटीने जाता येते. एसटीने जाऊन केलेल्या सेवेला नातेवाइकांत किंमत नाही.

मग अर्ज. ‘लहानपणापासून मला समाजासाठी काहीतरी करायचे होते’ हे वाक्य पहिल्या ओळीत हवेच. ते नसलेला अर्ज अजून कुणी पाहिलेला नाही. याच वेळी गावाहून आजीचा फोन येईल, ‘बाप्पा, बोरिंग बंदच हाय अजून.’ आजीला सांगा, मी कामात आहे, पाण्याच्या प्रश्नावरच लिहितो आहे. वायसर झिजला असेल, नाहीतर साखळी तुटली असेल. या किरकोळ गोष्टी अर्जात येऊ देऊ नयेत.

बाकी बोरिंगवरच्या या हँडपंपाची हकीकत मजेची आहे. गावोगाव दिसतो तो इंडिया मार्क-2. सोलापूर भागात चालणाऱ्या एका पंपावरून 1970च्या दशकात भारत सरकार आणि युनिसेफ यांनी मिळून तो घडवला. पुढे तो आफ्रिकेत गेला, आणि युगांडात त्याचीच सुधारलेली आवृत्ती यू-2 या नावाने चालते. तुम्ही ज्या देशात इंटर्नशिप शोधताय तिथे सोलापूरचा पंप तुमच्या आधी कामाला लागला आहे, आणि तो उघडायचा कसा हे तुम्हाला येत नाही.

आता पैशांचे. काही मंडळी तीन आठवडे सेवा करू देण्याचे लाखभर रुपये मागतात. त्यांना चारच प्रश्न विचारा: तुम्हाला त्या गावाने बोलावले का, काम कुणी ठरवले, तुम्ही परतल्यावर दुरुस्ती कोण करणार, आणि हेच काम गावातला गवंडी करणार नाही का? उत्तर गुळमुळीत आले तर ती सहल समजावी. सहलीला जाण्यात गैर काही नाही, फक्त तिला सेवा म्हणू नये.

खरे काम करणाऱ्या संस्था आहेत, पण त्या नवशिक्यांच्या मागे धावत नाहीत. रेडआर ही संस्था ब्रिटनमध्ये 1980 साली पीटर गथ्री या अभियंत्याने काढली. व्हिएतनाममधून बोटींनी पळालेल्या निर्वासितांसाठी तो मलेशियात काम करून आला होता. तिची भारतीय शाखा पुण्यात आहे आणि आपत्तीत काम करणाऱ्यांना प्रशिक्षण देते. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात घरबसल्या करायची कामेही असतात. ‘इंजिनिअर्स विदाउट बॉर्डर्स’ या नावाने कितीतरी देशांत संघटना आहेत. त्यांतल्या कॅनडाच्या संघटनेने 2008 पासून आपल्या फसलेल्या कामांचा वेगळा अहवाल छापायला सुरुवात केली. अर्ज लिहिण्याआधी तो वाचा. माझ्या मते या क्षेत्रातले सर्वांत उपयोगी वाचन तेच.

या सगळ्यांच्या फॉर्मात एक रकाना हमखास असतो: प्रत्यक्ष कामाचा अनुभव. भामरागड इतक्या काटेकोरपणे टाळल्यावर तिथे काय लिहिणार, हा प्रश्न इथे पहिल्यांदा उभा राहतो.

उलट दिशेची वाहतूक पाहा. पिएर सेरेसोल नावाच्या स्विस अभियंत्याने 1920 साली, पहिल्या महायुद्धात बेचिराख झालेले फ्रान्समधले एक गाव उभारायला छावणी भरवली. त्यातून सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संस्था झाली. 1934च्या भूकंपानंतर तो स्वतः बिहारमध्ये घरे बांधायला आला. त्याच्याच संस्थेची देशोदेशींची तरुण मुले 1950च्या दशकात वरोऱ्याला आनंदवन या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत येऊन राहिली आणि त्यांनी तिथे इमारती बांधल्या. कुष्ठरोग्यांच्या वाऱ्यालाही लोक उभे राहत नव्हते, त्या काळात ही मुले त्यांच्याबरोबर विटा वाहत होती. म्हणजे आंतरराष्ट्रीय इंटर्नशिप चंद्रपूर जिल्ह्यात सत्तर वर्षांपूर्वीच येऊन गेली. आपल्याला पत्ता नव्हता इतकेच.

मुदतीबद्दल एक इशारा. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या भामरागड तालुक्यातल्या हेमलकसाच्या कामाला 23 डिसेंबर 1973ला सुरुवात झाली. ही इंटर्नशिप अजून संपलेली नाही. तुम्ही एवढे लांबवू नका, पण एक पावसाळा तरी काढा. उन्हाळ्यात बांधलेले पावसाळ्यात टिकते का, हे कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा नाला लवकर सांगतो.

उपकरणे बनवायची हौस असेल तर गडचिरोलीतल्या शोधग्रामचे श्वासमापक यंत्र पाहा. बाळाला न्यूमोनिया झाला का, हे मिनिटाला श्वास किती यावरून कळते. पण गावातल्या सुइणीला एवढे आकडे मोजता येत नव्हते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिच्या हाती एक मिनिटाची वाळूची घटिका आणि मणी दिले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला तर बाळ आजारी. बॅटरी नाही, अ‍ॅप नाही, इंग्रजी नाही. जिच्यासाठी बनवायचे तिला काय येते आणि काय येत नाही, हे आधी विचारलेले होते.

ते विचारायला भाषा लागते. स्पॅनिशचा क्लास लावला असेल तर राहू द्या, पण त्याच्या जोडीला भामरागडकडची माडिया शिका, ‘जोहार’ या नमस्कारापासून सुरुवात करा. मेंढा-लेखाला जा. 2009 साली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवणारे हे गाव ग्रामसभेत बहुमताने नव्हे, सर्वांच्या संमतीने निर्णय घेते. एका कोपऱ्यात बसा आणि आपली योजना सांगायची घाई करू नका. बांबूत रस असेल तर चिचपल्लीचे प्रशिक्षण केंद्र चंद्रपूरपासून जवळच आहे.

एवढे झाले की खुशाल युगांडाला जा. आजीचे बोरिंग उघडून, वायसर बदलून, पाणी येईपर्यंत दांडा मारून मगच जा. अनुभवाच्या रकान्यात लिहायला तेवढे पुरते.

कुदळ धरण्यापासून सुरुवात करायची असेल तर मूल तालुक्यात सोमनाथला दरवर्षी 15 ते 22 मे या काळात श्रमसंस्कार छावणी भरते. तेव्हा पारा 45च्या आसपास असतो. टोपी आणि पाण्याची बाटली आपापली आणावी.